ओटल्याखालचं प्रश्नचिन्ह

सभागृह भरलं होतं, हे आधी सांगते. बडोद्यात, दांडिया बाजाराच्या बाजूला, रविवारी संध्याकाळी शंभर-सव्वाशे माणसं मराठी पुस्तकांसाठी घराबाहेर पडतात ही साधी गोष्ट नाही. त्यांतली निम्मी तरी सत्तरीच्या पुढची. कुणी रिक्षानं आलं होतं, कुणी नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. माझी आई दुसऱ्या रांगेत होती. तिनं ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती आणि शेजारच्या काकूंना ती पुन्हा पुन्हा सांगत होती की तिसरं नाव आमचं आहे.

माझ्या कथासंग्रहाला त्या संध्याकाळी पुरस्कार मिळाला, आमच्याच शहरातल्या एका संस्थेचा. एकूण पाच पुस्तकं होती: एक कादंबरी, एक कवितासंग्रह, एक प्रवासवर्णन, एक अनुवाद आणि माझं. दीपप्रज्वलन झालं, सरस्वतीपूजन झालं, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, देणगीदारांचा सत्कार. मग पुरस्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाकीट, फोटो. प्रत्येकाला मनोगतासाठी तीन मिनिटं. पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार, पसायदान. सगळं शिस्तीत आणि प्रेमानं. घरी येऊन चहा घेताना लक्षात आलं की पावणेतीन तासांत त्या पाच पुस्तकांतलं एक वाक्यही कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही. माझ्या तीन मिनिटांत मी आईचे, शाळेतल्या बाईंचे आणि प्रकाशकांचे आभार मानले आणि खाली उतरले.

पाहुणे महाराष्ट्रातून आले होते. मोठे अभ्यासक, बोलणं ओघवतं. आम्हा पाचही जणांबद्दल ते आपुलकीनं बोलले, आणि बोलताना एक शब्द त्यांच्या तोंडून चार-पाच वेळा आला. ‘राहूनही’. महाराष्ट्राबाहेर राहूनही इतकी शुद्ध मराठी. गुजराती वातावरणात राहूनही मराठीचा दिवा तेवत ठेवला. टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या. मी मान लववून बसले होते आणि मनातल्या मनात तो ‘ही’ सोलून पाहत होते.

त्या ‘ही’त कौतुक होतं ते माझ्या पत्त्याचं. मी कुठे राहते ते त्यांना कळलं होतं. मी काय लिहिलं आहे याबद्दल त्या वाक्यात काहीच नव्हतं. तेच वाक्य पाचही पुस्तकांना लागू पडलं असतं, ज्यांना पुरस्कार मिळाला नाही त्या पुस्तकांनाही लागू पडलं असतं. माझ्या कथा कच्च्या असत्या तरी ते तितकंच खरं ठरलं असतं. आणि जे वाक्य वाईट पुस्तकालाही चालतं ते चांगल्या पुस्तकाच्या पुरस्काराला कसं पुरेल?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या प्रादेशिक संस्थांनी पुरस्कार देताना लेखकाचा सत्कार करण्याबरोबर पुस्तकाचा निवाडा करावा, आणि तो निवाडा, त्यातल्या दोषांसकट, सभागृहात उभं राहून सांगावा. बाकी सगळं त्यामागून येईल.

हे मला सुचलं ते त्या संध्याकाळी नाही. दोन दिवसांनी धनादेशाच्या पावतीवर सही करायला संस्थेच्या कचेरीत गेले तेव्हा सुचलं. खजिनदारकाका पावतीबुक शोधत होते. भिंतीशी लोखंडी कपाट होतं आणि त्यात त्या वर्षीच्या प्रवेशिका सुतळीनं बांधून ठेवलेल्या होत्या. पुरस्कारासाठी पुस्तक पाठवायचं म्हणजे चार प्रती पाठवायच्या असतात. तीन परीक्षकांना, एक दप्तरी. मी माझ्या चार प्रती बघायला मागितल्या. काकांनी आनंदानं गठ्ठा सोडला.

तीन प्रती छापखान्यातून आल्या तशाच होत्या. परीक्षकांनी त्या वाचल्या नसतील असं मी म्हणत नाही. काही माणसं पुस्तकावर लिहीत नाहीत, वेगळ्या कागदावर टिपणं काढतात. चौथ्या प्रतीत मात्र पेन्सिल होती. पान ३७ वर माझ्या एका वाक्यात ‘ओटला’ हा शब्द आहे, त्याखाली रेघ आणि समासात प्रश्नचिन्ह. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात: ‘ओटा?’ पान ५२ वर कथा संपते तिथे: ‘शेवट घाईत.’ पुढे एका परिच्छेदाला उभी रेघ, काहीच लिहिलेलं नाही. पान ८८ वर फक्त ‘वा’.

मी कचेरीतल्या बाकावर बसून त्या चार खुणा पुन्हा पुन्हा पाहिल्या. पान ५२ वरची कथा खरंच घाईत संपवली होती. प्रकाशकांना दिलेली तारीख जवळ आली होती आणि शेवटची दोन पानं मी एका रात्रीत लिहिली होती. हे मला ठाऊक होतं, पण ते बाहेरच्या कुणाला दिसेल असं वाटलं नव्हतं. कुणीतरी ते पाहिलं होतं. या शहरात, किंवा कुठल्याशा दुसऱ्या शहरात, एका माणसानं पेन्सिल हातात धरून माझं पुस्तक ८८ पानांपर्यंत तरी जागेपणी वाचलं होतं, आणि मला ते कधीच कळणार नव्हतं. कारण संस्थेच्या फायलीत होता तो गुणांचा तक्ता. पुस्तकाच्या नावापुढे तीन आकडे आणि बेरीज. मी काकांना विचारलं, परीक्षकांनी काही लिहून दिलंय का? ते म्हणाले, ‘अहो ताई, आकडे दिले तेच पुष्कळ. मानधन आपण देत नाही, अजून काय मागणार?’

काकांचं बरोबर होतं. आणि नेमकी तीच गोष्ट मला बदलायला हवी असं वाटतं.

‘ओटला’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा सगळा मुद्दा त्या प्रश्नचिन्हात अडकलेला आहे. माझी आजी वाडी भागात राहायची. घरापुढे दोन पायऱ्या आणि दगडी बैठक होती. दुपारी तिथे शेजारच्या गुजराती बायका यायच्या, शेंगा सोलायच्या, पापडाच्या लाट्या करायच्या. आजी मराठीत बोलायची, त्या गुजरातीत, आणि कुणाला काही अडायचं नाही. त्या बैठकीला आजी ‘ओटला’ म्हणायची. ‘ओटा’ तिच्या लेखी वेगळा होता. ओटा स्वयंपाकघरात, ज्यावर शेगडी असते. ओटला घराबाहेर, ज्यावर माणसं बसतात. तिच्या मराठीत हे दोन शब्द होते आणि दोघांना दोन कामं होती. पुण्यातल्या माझ्या मावशीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. यांत कुणाची मराठी तोकडी आणि कुणाची भरलेली?

म्हणून माझ्या कथेतली म्हातारी ओटल्यावर बसते. ती ओट्यावर बसली तर बडोद्यातला कुठलाही वाचक हसेल. पण परीक्षकाचं प्रश्नचिन्हही माझ्या दृष्टीनं चूक नाही. साताऱ्याच्या किंवा अकोल्याच्या वाचकाला तो शब्द अडेल. अडल्यावर त्याला तो कळेल अशी सोय मी त्या पानावर केली आहे का? बहुधा नाही. तो शब्द मी घरातल्यासारखा वापरला आणि पुढे गेले. हा लेखनाचा खरा प्रश्न आहे, आणि बृहन्महाराष्ट्रात मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो रोज पडतो: घरची बोली किती ठेवायची, कुठे उलगडायची, कुठे वाचकावर सोडायची. त्या संध्याकाळी व्यासपीठावरून कुणी हा एक प्रश्न विचारला असता तर सभागृहातल्या प्रत्येक आजीकडे त्यावर सांगण्यासारखं काहीतरी होतं. त्याऐवजी आम्हाला सांगितलं गेलं की आमची मराठी शुद्ध आहे. ती तशी नाही, आणि ते मी अभिमानानं सांगते. या शहरात सकाळी लोक शेव-उसळ खातात. उसळ मराठी घरातली, शेव गुजराती फरसाणवाल्याकडची, आणि दोन्ही मिळून जे झालं ते बडोद्याचं.

या मिश्रणाकडे पाहण्याची एक जुनी रीत याच शहरात होती. १९३१ साली बडोदे संस्थानानं राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश काढला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द, म्हणजे आठ भाषा एका ओळीत. त्या कोशात कुठलीही भाषा दुसऱ्या भाषेत ‘राहूनही’ टिकलेली नाही. त्या शेजारी बसल्या आहेत, एकमेकींचं बघून आपला शब्द ठरवत आहेत.

आणि बडोदं मराठी साहित्याच्या बाहेर कधी होतं? १९०९ साली मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशानं वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. १९२१ साली पुन्हा बडोदं, अध्यक्ष न. चिं. केळकर. १९३४ साली पुन्हा, अध्यक्ष ना. गो. चापेकर. माधव जूलियनांचा जन्म इथला, १८९४ चा. रियासतकार सरदेसाईंची उमेदीची वर्षं गेली ती याच संस्थानाच्या नोकरीत, आणि मराठ्यांच्या इतिहासाचं त्यांचं काम इथेच सुरू झालं. कवी यशवंत बडोद्याचे राजकवी होते. यांपैकी कुणाला ‘महाराष्ट्राबाहेर राहूनही’ असं विशेषण लावून पाहा, कसं दिसतं ते. १९३४ नंतर पुढचं संमेलन इथे भरायला २०१८ उजाडलं. मधल्या ८४ वर्षांत राज्यं भाषेवर बेतली गेली, नकाशावर रेघ आली, आणि ज्या गावांतून मराठी पुस्तकं निघत होती ती गावं रेघेपलीकडे गेली. लोक तिथेच होते. बाहेर गेली ती त्यांच्याकडे बघणाऱ्यांची नजर.

मला सगळ्यांत जवळचं उदाहरण वाटतं ते ‘अभिरुची’चं. १९४३ साली हे मासिक बडोद्याहून सुरू झालं. पु. आ. चित्रे यांनी ते चालवलं. दिलीप चित्रे यांचे ते वडील, आणि दिलीप चित्रेही जन्मले बडोद्यातच, १९३८ मध्ये. मर्ढेकरांची कविता जेव्हा अनेकांना पचत नव्हती तेव्हा ‘अभिरुची’नं ती छापली. पु. ल. देशपांडे यांचं सुरुवातीचं लेखन तिथे आलं. मुंबई-पुण्याचे लेखक बडोद्याला लेख पाठवत होते, कारण तिथे कुणीतरी निवड करत होतं. हे घ्यावं, हे परत पाठवावं, हे पुन्हा लिहून मागावं. शहराला वजन आलं ते त्या निवडीमुळे. बडोद्यानं मराठीला काय दिलं असं मला कुणी विचारलं तर मी राजवाड्याआधी त्या संपादकाच्या टेबलाचं नाव घेईन.

आजच्या प्रादेशिक पुरस्काराकडून मला त्या टेबलाची अपेक्षा आहे. संस्था लहान असली म्हणून निवाडा लहान असावा लागत नाही. निवाड्याला पैसे लागत नाहीत. एक माणूस, एक पुस्तक, चार संध्याकाळी आणि खरं बोलण्याची तयारी एवढंच लागतं.

आता याला जे उत्तर मिळतं ते मला पाठ आहे, कारण मी हे अनेकांशी बोलले आहे.

पहिलं उत्तर असं की आमच्याकडे माणसंच नाहीत. हे खरं आहे. या संस्था चालवतात ती निवृत्त माणसं. वर्गणी गोळा करायला ती जिने चढतात, सभागृहाचं भाडं, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचं रेल्वेभाडं, सगळं जुळवतात. देणगीदार मिळतो तो आपल्या वडिलांच्या किंवा पत्नीच्या स्मृतीसाठी पैसे देतो आणि त्या स्मृतीचा व्यासपीठावर उल्लेख व्हावा ही त्याची इच्छा रास्तच आहे. हे लोक नसते तर मला पुरस्कारही नसता आणि तक्रार करायला जागाही नसती. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण मी मागते आहे ती गोष्ट त्यांच्या कष्टांत भर घालणारी नाही. स्वागतगीत आणि परिचय मिळून जो अर्धा तास जातो तो तीन परीक्षकांना वाटून द्या. बाकी काही बदलू नका.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे आणि ते सहसा हळू आवाजात दिलं जातं. ‘ताई, आपण सगळे एकमेकांना ओळखतो.’ दांडिया बाजार ते वाडी, रावपुरा ते बाबाजीपुरा, मराठी घरं एकमेकांत गुंतलेली. परीक्षक माझ्या नणंदेचे शिक्षक असतात, लेखक खजिनदारांच्या मुलाचे सासरे असतात. चारचौघांत कुणी म्हणालं की या कादंबरीचा उत्तरार्ध सैल आहे, तर पुढच्या गणपतीत आरतीला कोण शेजारी उभं राहणार? ही भीती मी समजू शकते. माझ्याही मनात ती आहे. पण तिची किंमत कोण देतं ते पाहावं. पंचेचाळीस-पन्नाशीच्या लेखकाला कुणी खरं सांगितलं नाही तर तो त्याच चुका घेऊन साठीला पोहोचतो. त्याची तीन पुस्तकं येतात, तीन शाली मिळतात, आणि एकाही पुस्तकात तो आधीच्याहून पुढे गेलेला नसतो. आपण सांभाळली ती त्याची मर्जी; लेखक सांभाळला नाही. घरातल्या भाकरीला मीठ कमी पडलं तर आपण सांगतो, आणि ती भाकरी करणारीवर आपलं प्रेम असतं म्हणूनच सांगतो.

शिवाय एखादी रचना श्रोत्यांसमोर शब्दन् शब्द उलगडून सांगण्याची रीत मराठीत जुनी आहे. कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो, अभंगाचा एकेक शब्द सोडवतो, मग उत्तररंगात आख्यान लावतो. आमच्या आज्या ते दोन-दोन तास ऐकत. एका अभंगावर दोन तास बसणारा श्रोता एका कथेवर पंधरा मिनिटं बसणार नाही, त्याला कंटाळा येईल, हे मला कधीच पटलेलं नाही. श्रोत्यांना आपण कमी लेखतो. त्या दिवशी माझ्या आईनं घरी आल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘त्या कवितेच्या पुस्तकात काय आहे गं?’ ती पावणेतीन तास बसून आली होती आणि तिला हे कळलेलं नव्हतं.

तिसरं उत्तर मला सगळ्यांत जास्त दुखावतं: आता वाचतंय कोण? २०११ च्या जनगणनेत गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांहून जास्त लोक होते. त्यांतले किती मराठी पुस्तक हातात घेतात हा वेगळा प्रश्न, पण ‘कोणी नाही’ हे उत्तर खोटं आहे. मराठी माध्यमाचे वर्ग आटले हे खरं. माझ्या भाच्या गुजराती आणि इंग्रजी शाळांत शिकल्या. पण गुजराती शाळेत हिंदी असतं, म्हणून देवनागरी त्यांना येते. मराठी त्या घरात बोलतात. लिपी आहे, भाषा आहे. मधली गोष्ट नाही, ती म्हणजे हातात पडलेलं पुस्तक. पुरस्काराच्या दुसऱ्या आठवड्यात मी शहरातल्या दोन वाचनालयांत त्या पाच पुस्तकांची चौकशी केली. दोन्हीकडे मिळून एकच पुस्तक होतं, लेखकानं स्वतः भेट दिलेलं. म्हणजे ज्या शहरानं या पुस्तकांना शाल पांघरली त्या शहरात ती वाचायला मिळत नव्हती.

इथे सयाजीरावांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बडोद्यात भाषण करणारा प्रत्येक जण त्यांचं नाव घेतो, आणि बहुतेक वेळा ते नाव हारासारखं घालून बाजूला ठेवलं जातं. पण त्यांच्या कामात एक क्रम होता आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. वाचता येणारी मुलं तयार होऊ लागली तेव्हा ती वाचणार काय हा प्रश्न पुढे आला, आणि १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला गेला. महाराजांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह सार्वजनिक झाला, मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपालांचे वर्ग सुरू झाले, आणि इंग्रजी, गुजराती, मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर देणारं ग्रंथालयविषयक नियतकालिक निघालं. जिथे इमारत नव्हती तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली गेली. गावात ग्रंथालय हवं असेल तर ठरावीक रक्कम गावानं उभी करायची, तेवढीच प्रांत पंचायतीनं घालायची, तेवढीच सरकारनं. संस्थानानं लेखकांना आणि अनुवादकांना पैसे दिले, ग्रंथमाला काढल्या, पण त्याच हातानं ते पुस्तक कुठल्या गावात कुणापर्यंत जाईल याची वाटही बांधली.

आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भाग उरला आहे आणि तोही पाकिटाच्या रूपात. मला मिळालेल्या रकमेबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, एक तृतीयांश मला द्या आणि उरलेल्यांतून या पाचही पुस्तकांच्या प्रती घेऊन शहरातल्या वाचनालयांत, वृद्धाश्रमात, जिथे मराठी मुलं जातात त्या शाळांत ठेवा. मराठीत आता कथासंग्रहाची आवृत्ती तीनशे-पाचशे प्रतींची निघते. त्यांतल्या पन्नास प्रती एका शहरात वाचकांच्या हाती पडल्या तर त्या पुस्तकाचं नशीब बदलतं. देणगीदारांनाही हे नको असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वडिलांचं नाव छापा. सभागृहातला उल्लेख एका मिनिटाचा असतो, पुस्तकातलं नाव पुढची तीस वर्षं कुणीतरी उघडत राहतं.

माझ्याच बाजूच्या काही मित्रांचं म्हणणं असं की मग प्रादेशिक पुरस्कार हवेतच कशाला. एकच मोठा पुरस्कार असावा, सगळ्या मराठीसाठी, आणि त्यात बडोद्याचं पुस्तक साताऱ्याच्या पुस्तकाशी झगडावं. मला हे मान्य नाही. झगडावं जरूर, पण प्रदेशाची स्वतःची परीक्षाही हवी. ‘ओटला’ हा शब्द कुठे बसतो हे बडोद्याचा परीक्षक जसं ओळखेल तसं दुसरा ओळखणार नाही, आणि तो शब्द निव्वळ स्थानिक रंगासाठी टाकला आहे की कथेला तो लागतो, हेही तोच ठरवू शकेल. घरच्या माणसाची नजर जास्त कडक असू शकते. गुजराती साहित्यानं काका कालेलकरांना कसं घेतलं ते पाहा. सातारचा मराठी माणूस, गुजरातीत लिहू लागला. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजरातीसाठी मिळाला. मराठी असूनही बरं लिहितात, असं म्हणून गुजराती वाचक थांबले नाहीत. त्यांनी त्यांचं गद्य वाचलं, त्यावर मुलं शिकवली, आणि ते आपलं म्हणून ठेवून घेतलं.

पाहुण्यांवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगते. ते चारशे-साडेचारशे किलोमीटर प्रवास करून आले, त्यांना पाच पुस्तकं आठवडाभर आधी मिळाली असतील, आणि त्यांनी जमेल तेवढं केलं. चूक रचनेची आहे. ज्यांनी पुस्तकं वाचली त्यांना, म्हणजे परीक्षकांना, आपण श्रोत्यांत बसवतो आणि ज्यांना वाचायला वेळ मिळालेला नाही त्यांना बोलायला उभं करतो. ही बैठक फक्त उलटी करायची आहे.

यंदा त्याच संस्थेनं मला परीक्षक व्हायला सांगितलं आहे. मागल्या महिन्यात चौदा पुस्तकांचा गठ्ठा घरी आला, तीच सुतळी, तीच गाठ. मी होकार देताना खजिनदारकाकांना एक अट घातली: निवडलेल्या पुस्तकावर मी सभागृहात पंधरा मिनिटं बोलेन, त्यातली दोन पानं मोठ्यानं वाचेन, आणि मला जे खटकलं तेही लेखकासमोर सांगेन. लेखकाला उत्तर द्यायचं असेल तर त्यालाही तेवढाच वेळ द्यावा. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अध्यक्षांशी बोलतो.’ चार दिवसांनी त्यांचा फोन आला. स्वागतगीत यंदा एकाच कडव्याचं होणार आहे. मला दहा मिनिटं मिळाली आहेत, लेखकाला पाच.

चौदांतली सहा पुस्तकं वाचून झाली. आई दुपारी माझ्यासमोर बसते आणि मी संपवलेलं पुस्तक उचलून घेते. काल तिनं एका कादंबरीत माझी पेन्सिल पाहिली आणि त्याच समासात, माझ्या प्रश्नचिन्हाखाली, स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहून ठेवलं: ‘मला हे पटलं.’